अंधबिंदूच्या जागी काय दिसते?

कागदावर डावीकडे एक फुली काढावी आणि तिच्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे ठळक ठिपका. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीवरच नजर रोखत कागद हळूहळू जवळ आणला, की साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. त्या जागी भोक पडत नाही की काळा डाग दिसत नाही. कागद पिवळा असेल तर तिथेही पिवळाच रंग दिसतो.

ही उणीव फ्रेंच शास्त्रज्ञ एडम मारियोत यांनी १६६८ मध्ये जगापुढे मांडली. सुमारे दहा लाख चेतातंतू जिथून एकत्र डोळ्याबाहेर पडतात, तिथे दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू काही लहानसहान नाही. पौर्णिमेचे अकरा चंद्र ओळीने मांडले तरी त्यात मावतील! ऑक्टोपसच्या डोळ्यात मात्र तंतू पटलाच्या मागूनच निघतात, म्हणून त्याला अंधबिंदूच नाही.

मग ती रिकामी जागा भरते कोण?

एखाद्या जागी काय दिसावे हे शेजार ठरवतो, ही गोष्ट तशी जुनीच. पॅरिसच्या गोबेलीन कारखान्यातला काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्हरल यांना रंगात खोट सापडली नाही. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याचा परिणाम बिघडवत होते. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले. अंधबिंदूत तर शेजाराखेरीज दुसरा आधारच नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९९१ मध्ये वेगळी बाजू घेतली: मेंदू काही भरत नाही, तिथून खबर येत नाही एवढेच, जिची दखलच नाही ती पोकळी जाणवणार कशी? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण प्रयोग त्याच्या विरुद्ध गेले.

त्यांतला जपानच्या इकुया मुराकामी यांचा १९९५ चा प्रयोग विशेष सुंदर आहे. धबधब्याकडे बराच वेळ पाहून नजर बाजूच्या खडकावर नेली, की खडक वर सरकल्यासारखा वाटतो. मुराकामी यांनी एका डोळ्याच्या अंधबिंदूभोवती सरकते चित्र दाखवले. बिंदूच्या आतही हालचाल भासली. नंतर दुसऱ्या डोळ्याला नेमक्या त्याच जागी चित्र दाखवले, तर तिथे उलट्या दिशेचा भास उमटला. जी हालचाल डोळ्याने टिपलीच नव्हती, तिचा खरा परिणाम मागे राहिला होता. पुढे २००० मध्ये हिदेहिको कोमात्सु आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत, दृष्टीच्या अगदी पहिल्या टप्प्यावरच, अंधबिंदू असा भरला जाताना प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या.

दवाखान्यात या भरणीची किंमत मोजावी लागते. काचबिंदूत दृष्टिक्षेत्राचे तुकडे गळत जातात, तरी रुग्णाला काळे ठिपके दिसत नाहीत आणि तो उशिरा येतो. म्हणून दृष्टिक्षेत्राची तपासणी यंत्रावर करतात. त्यात मधूनच अंधबिंदूवर प्रकाश टाकला जातो. रुग्णाने ‘दिसला’ म्हणून बटण दाबले, तर नजर हलली असे समजायचे.