शहापूरचे घर आणि वॉर्डाची रेघ

मिरजेहून बेळगावची गाडी धरली की शेडबाळ, कुडची, रायबाग करीत ती सुळेभावीला येते. कुमार गंधर्वांचे हे जन्मगाव. गाणे शिकवून पोट भरणारा माणूस तिथे खिडकीबाहेर डोकावल्यावाचून राहत नाही. परवा याच गाडीने शहापूरला आत्याबाईंकडे जाऊन आलो.

शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग झाले आहे. पण १९४८ पर्यंत तो आपल्या सांगली संस्थानचा तालुका होता, हे नव्या पिढीतल्या सांगलीकरांना सांगावे लागते. बेळगावात नगरपालिकेचा अंमल, लष्करी छावणीत कँटोन्मेंट बोर्डाचा आणि शहापुरात पटवर्धन सरकारांचा, अशी एकाच वस्तीची तीन वाटण्यांची स्थिती होती. आमच्या घरी दरबारची चाकरी असल्याने आत्याबाईंना शहापुरात दिले, तेव्हा मुलगी परमुलखात दिली असे कोणाला वाटले नाही. त्यांच्या सासऱ्यांनी ते घर सांगली संस्थानात बांधले. पुढे ते मुंबई राज्यात आले, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ पासून कर्नाटकात आहे. घराने मात्र जागा बदललेली नाही!

जेवणे झाल्यावर मी नेहमीप्रमाणे सीमाप्रश्नाचा विषय काढला. तो आपल्याला पाठ आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ त अहवाल आला. निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव जिथे आहे तिथे राहावे, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राने तो नाकारला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निपाणी काही कोल्हापूर जिल्ह्यात आली नाही. २०१८ साली तिचा तालुका झाला, तोही बेळगाव जिल्ह्यातच. मी हे सांगत असता आत्याबाई उठल्या, फडताळातून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातल्या मतदानाच्या जुन्या चिठ्ठ्या माझ्यापुढे मांडल्या. "राज्य कुठलं ते राहू दे रे," म्हणाल्या, "माझा वॉर्ड कुठला ते सांग. दर खेपेला निराळा आकडा येतो."

मी चपापलो. चाळीस-पन्नास वर्षे आपण राज्याच्या रेघेकडे डोळे लावून बसलो आणि गल्लीतून फिरणाऱ्या रेघेकडे कोणी पाहिले नाही.

बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत आणि दर वॉर्डास एकच नगरसेवक. अशा पद्धतीत रेघ कोठून जाते याला फार मोल असते. मराठी माणसांची सलग वस्ती एका वॉर्डात राहिली तर तिचा माणूस निवडून येतो. तीच वस्ती मधोमध दुभागली तर दोन्ही वॉर्डांत ती अल्पमतात जाऊ शकते. त्यावर आरक्षण फिरते असते: आजची खुली जागा पुढच्या खेपेस राखीव होते, आणि पाच वर्षे राबलेल्या माणसाला दुसरीकडे उमेदवारी शोधावी लागते. आरक्षण हवेच, त्यात वाद नाही. पण रेघ आणि आरक्षण दोन्ही ठरविण्याची दोरी राज्य सरकारच्या हाती असते आणि गावाला ती नंतर कळते, हे खरे.

विधानसभेचेही तसेच. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव मतदारसंघाचे नावच गेले. बेळगाव ग्रामीण, उत्तर आणि दक्षिण अशी नवी वाटणी झाली. त्या वर्षी महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही. २०१३ साली दोन आले; २०१८ आणि २०२३ ला पुन्हा कोणी नाही. हा सारा दोष रेघेचा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. एका जागेला समितीचेच दोन गट दोन उमेदवार उभे करतात, तेव्हा नकाशा काढणाऱ्याला काही करावेच लागत नाही.

महापालिकेचे महत्त्व का, ते २००५ साली दिसले. सीमाभाग महाराष्ट्रात घालावा असा ठराव तिने केला; महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळूरात काळे फासले गेले, आणि त्याच नोव्हेंबरात सरकारने महापालिकाच बरखास्त केली. निवडून दिलेल्या सभेचा शब्द एवढा झोंबतो, म्हणून तर ती सभा कशी निवडली जाते हे पाहायचे. २०२१ साली पक्षांच्या चिन्हांवर तेथे प्रथमच निवडणूक झाली. भारतीय जनता पक्षाला ३५ जागा मिळाल्या. त्यांत मराठी नगरसेवक पुष्कळ आहेत. म्हणजे मराठी माणूस सभागृहातून गेला नाही, मराठीचा गट गेला. हे चांगले की वाईट, यावर आत्याबाईंच्या घरातच दोन मते आहेत! आणि निवडणूक सप्टेंबर २०२१ ची, महापौर बसला फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधले १७ महिने निवडून आलेली माणसे नुसतीच निवडून आलेली होती.

आपण तरी कोठे शहाणे? सांगली-मिरज-कुपवाडची मुदत २०२३ च्या ऑगस्टात संपली आणि आपल्याकडेही प्रशासक आलेच की.

आत्याबाईंनी चिठ्ठ्या पुन्हा डब्यात घातल्या. "तुझा नगरसेवक कोण रे?" त्यांनी विचारले. सांगलीत एका प्रभागात चार-चार असतात, असे मी सांगितले.

"चार? मग काम असलं की कुणाच्या दारात जातोस?"

गाडीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली.