पडेगावचं संकेतस्थळ, आधी घरच्या संगणकावर

छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे निघालं की पडेगाव लागतं. समजा, इथल्या एखाद्या वाचनालयाला संकेतस्थळ हवंय. पुस्तकांची यादी, कार्यक्रमांच्या बातम्या, मिटमिटा-दौलताबाद रस्त्यावरच्या ठिकाणांची माहिती, थोडी छायाचित्रं, आणि सगळा मजकूर मराठीत. रोजची भर कार्यकर्तेच घालणार. अशा कामाला वर्डप्रेससारखी आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बोलण्यातला 'सीएमएस', बरी पडते. माझा आग्रह इतकाच असतो की ती भाड्याच्या सर्व्हरवर चढवण्याआधी घरच्या संगणकावर उभी करावी आणि पहिल्या दिवसापासून तिच्यात अस्सल मराठी मजकूर घालावा. इंग्रजी नमुना घालून तपासलं तर सगळं ठाकठीक दिसतं. मराठी आत गेली की निराळेच दोष वर येतात.

सीएमएसमध्ये तयार पान कुठेच ठेवलेलं नसतं. वाचकाने पत्ता उघडला की मागणी अपाचे नावाच्या वेब सर्व्हरकडे जाते. अपाचे ती पीएचपीकडे देतो. पीएचपी डेटाबेसमधून मजकूर काढते, त्याला मांडणी चढवते आणि त्या घटकेला तयार झालेलं पान वाचकाकडे धाडते. तेव्हा घरच्या संगणकावर हे तिघे हवेत: अपाचे, पीएचपी आणि डेटाबेस. ते एकत्र देणारा झॅम्प नावाचा मोफत संच २००२पासून मिळतो. त्यात डेटाबेस म्हणून मारियाडीबी असतो, पण संचाच्या पटलावर त्याच्यापुढे मायएसक्यूएल असंच लिहिलेलं दिसतं. त्याने गोंधळू नये.

विंडोजवर झॅम्प थेट सी ड्राइव्हमध्ये बसवावा. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवला तर लिहिण्याच्या परवानग्यांवरून अडतो. मग त्याचं नियंत्रण पटल उघडून अपाचे आणि मायएसक्यूएल सुरू करायचे. दोन्ही नावं हिरवी झाली की ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' टाइप करायचं. लोकलहोस्ट म्हणजे हाच संगणक. त्याचा अंकी पत्ता १२७.०.०.१, आणि त्यावर केलेली मागणी घराबाहेर पडतच नाही. अपाचे सुरू होईना, तर बहुतेक वेळा ८० क्रमांकाचं पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने अडवलेलं असतं. अपाचेच्या सेटिंगमध्ये ८०८० करावं आणि पत्त्यात लोकलहोस्टपुढे तो आकडा जोडावा.

आता डेटाबेस. लोकलहोस्टवरच डेटाबेस हाताळायचं साधन पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडून नवा, रिकामा डेटाबेस तयार करायचा. इथे अक्षरसंचाची एक निवड असते आणि घाईत ती तशीच सोडली जाते. 'यूटीएफ८एमबी४' हाच निवडावा. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' तीन बाइटांपर्यंतच साठवतो, म्हणून मराठी त्यात व्यवस्थित बसते आणि चूक लपून राहते. मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा कार्यक्रमाचा निरोप जसाच्या तसा चिकटवतो, त्यात फुलांची किंवा नमस्काराची इमोजी असते, ती चार बाइटांची, आणि मजकूर जतन होत नाही. वर्डप्रेसने २०१५मध्ये स्वतःहून 'यूटीएफ८एमबी४' स्वीकारला, पण डेटाबेस आपण हाताने तयार करतो तेव्हा तो बघून करणंच चांगलं.

पुढचं झटपट होतं. वर्डप्रेसची झिप उघडून ती झॅम्पमधल्या 'एचटीडॉक्स' फोल्डरात ठेवायची, फोल्डरला रोमन लिपीत, लहान अक्षरांत 'पडेगाव' नाव द्यायचं आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे तेच नाव लिहायचं. पहिल्याच पडद्यावर भाषांच्या यादीत मराठी आहे. मग डेटाबेसचं नाव द्यायचं. वापरकर्ता 'रूट', पासवर्ड रिकामा. रिकामा पासवर्ड फक्त इथे चालतो, बाहेरच्या सर्व्हरवर कधीही नाही. थोड्याच वेळात डेटाबेसमध्ये बारा तक्ते तयार झालेले दिसतील. ते नवशिक्याने एकदा उघडून बघावेतच: लेख एका तक्त्यात, वापरकर्ते दुसऱ्यात, सेटिंग तिसऱ्यात.

आता मराठी मजकूर घाला. वाचनालयाचं जुनं माहितीपत्रक छापखान्यातून श्रीलिपीमध्ये आलेलं असेल, तर चिकटवल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतील, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. रूपांतरकातून तो युनिकोडमध्ये आणावा आणि मग ओळ न् ओळ वाचावी. जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्या'सारखी अक्षरं इथेच बिघडतात.

मग पत्ते. वर्डप्रेसला शीर्षकावरून पानाचा पत्ता करायला सांगितलं की मराठी शीर्षकातलं प्रत्येक अक्षर टक्क्याच्या चिन्हांसह नऊ चिन्हांत लिहिलं जातं, आणि या भागाला मर्यादा आहे २०० चिन्हांची. 'पडेगाव छत्रपती संभाजीनगर' हे शीर्षक घ्या. मात्रा, अनुस्वार धरून २२ अक्षरं, म्हणजे १९८ चिन्हं, आणि मधल्या दोन जागांच्या दोन रेघा. झाले २००. यापुढे 'वाचनालय' लिहिलंत तर पत्त्यात त्यातलं एक अक्षरही येणार नाही. याच सुरुवातीचं दुसरं शीर्षक दिलंत तर पत्ता पुन्हा तोच होतो आणि वर्डप्रेस शेवटी आकडा लावून वेळ मारून नेतो. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता मराठीत सुबक दिसेल, पण तो निरोपात चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ होते. म्हणून प्रत्येक लेखाला रोमन लिपीत छोटा पत्ता हाताने द्यावा. मनोगत, मायबोली, मिसळपाव या मराठी संकेतस्थळांच्या पानांच्या पत्त्यांत 'नोड' आणि एक आकडा दिसतो. ती ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसची पद्धत. वाचायला रूक्ष, पण मराठी शीर्षक कितीही लांब असलं तरी तुटत नाही. छायाचित्रांच्या फायलींनाही रोमन लिपीत, लहान अक्षरांतली नावं द्यावीत. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, बाहेरचा लिनक्स सर्व्हर करतो, आणि घरी दिसणारं चित्र तिकडे गायब होतं.

काम थांबवताना पटलावरून दोन्ही सेवा बंद करूनच संगणक बंद करावा. डेटाबेस चालू असताना वीज गेली तर त्याच्या फायली अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात. रोज संध्याकाळी डेटाबेस एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि सोबत फोल्डरचीही प्रत. नुसत्या फोल्डरात चित्रं आणि मांडणी असते, लेख नसतात. एकच घेऊन निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे गेलेले लेख परत मिळवता आले नाहीत याची हळहळ वाटते.

शेवटी भाड्याच्या सर्व्हरवर स्थलांतर. डेटाबेसमध्ये जागोजागी लोकलहोस्टचा पत्ता आहे; तो बदलून खरा पत्ता घालायचा. एक्सपोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'शोधा आणि बदला' करण्याचा मोह आवरावा. वर्डप्रेसची बरीच सेटिंग अशा साच्यात असतात की प्रत्येक मजकुराआधी त्याची बाइटमधली लांबी लिहिलेली असते. 'पडेगाव' असेल तर आधी १८. पत्ता बदलला आणि आकडा जुनाच राहिला, तर पीएचपी ते सेटिंग वाचूच शकत नाही. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाची शोध-बदल आज्ञा किंवा डुप्लिकेटरसारखं प्लगिन हे आकडेही सुधारून देतं. नव्या जागी गेल्यावर वाचन सेटिंगमध्ये 'शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये' ही खूण राहिली असेल तर ती काढावी, पर्मालिंकचं, म्हणजे पत्त्यांच्या रचनेचं, पान उघडून एकदा पुन्हा जतन करावं आणि मोबाइलवरून प्रत्येक पान उघडून बघावं.