गोदामाची किल्ली कुणाकडे?



गेल्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतून एक प्रश्न आला. "साखर आपली, गोदाम आपलं, मग किल्ली बँकेकडं कशापायी?" सभा हसली, व्यासपीठावरून घाईत उत्तर दिले गेले आणि पुढचा विषय पुकारला गेला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, असे आम्हाला वाटते.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पण गाळप चार-पाच महिन्यांत उरकते आणि साखर विकायला वर्ष लागते. मधल्या काळात पैसा आणायचा कुठून? म्हणून मालतारण कर्ज. पोती थप्पीला लागली, की ती बँकेच्या ताब्यात. दाराला कारखान्याबरोबर बँकेचेही कुलूप.

सोनार डागावर पूर्ण किंमत देतो का? बँकही देत नाही. बाजारभावाने साखरेचे मूल्यांकन होते आणि १०० रुपयांच्या मालावर समजा ८५ उचल मिळते. उरलेले १५ म्हणजे दुरावा. भाव पडला तर आधी झळ या १५ ला लागावी, ठेवीदाराला नव्हे, हा त्यामागचा हिशेब. भाव खाली गेला, की बँक एकतर फरक भरा म्हणते, नाहीतर पुढची उचल कमी करते.

२०१८-१९ चा हंगाम आठवा. १० टक्के उताऱ्याला टनास २७५० रुपये एफआरपी. त्या उताऱ्याने एक टन उसाची एक क्विंटल साखर होते. जून २०१८ मध्ये केंद्राने साखरेचा किमान विक्री दर क्विंटलला २९०० ठरवला होता. त्याचे ८५ टक्के २४६५. त्यातून प्रक्रिया खर्च आणि जुन्या कर्जाचे हप्ते यांपोटी समजा ७५० बँकेनेच कापून घेतले, तर हाती राहिले १७१५. द्यायचे होते २७५०! मळी आणि बगॅसने थोडी भर घातली तरी टनामागे हजाराच्या आसपास खड्डा पडतोच. एफआरपीचे तुकडे का पडले, याचे निम्मे उत्तर इथे आहे. बाकीच्या निम्म्याबद्दल, म्हणजे आपल्या प्रक्रिया खर्चाबद्दल आणि जुन्या हप्त्यांबद्दल, सभासदांनी संचालकांना जरूर विचारावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दर ३१०० झाला, तेव्हा या हिशेबाने क्विंटलला १७० रुपये उचल वाढली. खड्डा काही बुजला नाही.

त्याच हंगामात निर्यातीचीही पंचाईत झाली. परदेशातला भाव तारणाच्या मूल्याहून बराच खाली, त्यामुळे फरक भरल्याशिवाय बँका माल सोडायला तयार नव्हत्या. गिऱ्हाईक आहे, साखर आहे, पण कुलूप निघत नाही.

हे सगळे शेवटी आपल्या बांधावर येते. सोसायटीचे पीककर्ज ऊस बिलातून कापले जाते. व्याजाची सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच. बिल लांबले, मुदत टळली, की सवलत गेली. यात सभासदाची काय चूक?

आणि कारखाना स्वतःही सावकारी करतोच की! तोडणीच्या मुकादमाला हंगामाआधी देतो तीही उचलच. तिथे ना थप्पी, ना कुलूप. टोळी आलीच नाही तर वसुलीला फिरावे लागते. बँक आपल्याशी जेवढी सावध वागते, त्याच्या निम्मी सावधगिरी आपण इथे बाळगली असती तर काही उचली बुडाल्या नसत्या, हे आमचे स्पष्ट मत.

प्रश्न विचारणाऱ्या सभासदांना आम्ही परवा गोदामावर नेले. त्यांनी दोन्ही कुलुपे हलवून पाहिली, दारावरची तारणाची पाटी वाचली आणि विचारले, "आग लागली तर?" विमा आहे, हप्ता कारखाना भरतो, असे आम्ही सांगितले. "आन् भरपाई?" ती आधी बँकेच्या कर्जात जमा होते. ते काही बोलले नाहीत. पाटी मात्र त्यांनी पुन्हा एकदा वाचली.