वाहनांतील इशारादर्शक दिवे : विद्युत दोषांचे स्वरूप आणि दोषशोधनाची पद्धती

सारांश : चालकासमोरील फलकावरचा इशारादर्शक दिवा लागला म्हणजे यंत्रणा बिघडली आणि लागला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही दोन्ही अनुमाने चुकीची ठरू शकतात. प्रस्तुत लेखात तेलदाब व चार्जिंग या दोन दिव्यांच्या परिपथांच्या आधारे दिव्याने दिलेल्या सूचनेची पडताळणी कशी करावी, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : इशारादर्शक दिवा, परिपथ, विभवांतर, रोध, दोषशोधन.

प्रस्तावना :
वाहनातील यंत्रणांची स्थिती चालकाला रंगांच्या संकेतांतून कळविली जाते. लाल रंग तातडीचा धोका, पिवळा रंग सावधगिरी, तर हिरवा रंग यंत्रणा चालू असल्याचे दर्शवितो. दिवा स्वतः कशाचेही मापन करीत नाही. एखाद्या स्विचची वा संवेदकाची स्थिती तो तारेमार्फत आपल्यापर्यंत पोहोचवितो. म्हणून स्विच, तार, जोडणी, फ्यूज किंवा बल्ब यांपैकी कशातही दोष उद्भवल्यास सूचना चुकीची ठरते. शहानिशा न करता सुटे भाग बदलल्यास खर्च वाया जातो. दिवा खोटा समजून दुर्लक्ष केल्यास इंजिन निकामी होऊ शकते.

पहिली चाचणी :
किल्ली फिरवून, परंतु इंजिन सुरू न करता, तेलदाब व चार्जिंगचे दिवे लागले पाहिजेत. ही चाचणी बल्बची व त्याच्या परिपथाची आहे. या वेळी जो दिवा लागत नाही, तो प्रवासात कोणत्याही संकटाची सूचना देणार नाही. सतत लागणाऱ्या दिव्यापेक्षा हा दोष अधिक घातक आहे, कारण तो नजरेत भरत नाही.

तेलदाबाचा दिवा :
साध्या रचनेत बल्बच्या एका टोकाला किल्लीमार्फत बॅटरीचा धन प्रवाह मिळतो. दुसरे टोक इंजिनवरील दाबस्विचला जोडलेले असते. दाब नसताना स्विच बंद राहून परिपथ इंजिनच्या धातूमार्फत पूर्ण होतो व दिवा लागतो. दाब निर्माण होताच स्विच उघडतो व दिवा विझतो.

इंजिन चालू असताना हा दिवा लागल्यास प्रथम इंजिन तत्काळ बंद करून तेलाची पातळी पाहावी. त्यानंतर, केवळ किल्ली फिरवून ठेवून, स्विचवरील तार काढावी. तरीही दिवा लागत राहिला, तर ती तार वाटेत कोठेतरी वाहनाच्या धातूला टेकली आहे. दिवा विझला, तर तार निर्दोष असून दोष स्विचमध्ये किंवा प्रत्यक्ष दाबात आहे. यांपैकी कोणता, हे यांत्रिक दाबमापक जोडूनच ठरवावे. याउलट, दिवा मुळीच लागत नसेल, तर काढलेली तार इंजिनच्या धातूला टेकवावी. दिवा लागला तर स्विच किंवा त्याचा इंजिनशी असलेला संपर्क सदोष; न लागल्यास तार, बल्ब वा फ्यूज तपासावा.

चार्जिंगचा दिवा :
अनेक जुन्या वाहनांत हा दिवा सूचक असण्याबरोबरच यंत्रणेचा घटकही असतो. त्यातून वाहणारी अल्प विद्युतधारा अल्टरनेटरच्या क्षेत्रकुंडलाला प्रारंभिक चुंबकत्व देते. १२ व्होल्टवरील ३ वॅटच्या बल्बमधून सुमारे ०.२५ अँपिअर धारा वाहते. अल्टरनेटर वीज निर्माण करू लागताच बल्बच्या दोन्ही टोकांचे विभव समान होते व तो विझतो. समांतर रोधक नसलेल्या रचनेत हा बल्ब निकामी झाल्यास चार्जिंगच सुरू न होण्याची शक्यता असते. अशा वेळी निर्दोष अल्टरनेटर बदलूनही उपयोग होत नाही.

कधी हा दिवा रात्री अगदी मंद पेटलेला दिसतो. समजा, अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या गंजलेल्या जोडणीचा रोध ०.०५ ओहम आहे व धारा ३० अँपिअर आहे. ओहमच्या नियमानुसार तेथे १.५ व्होल्टचा ऱ्हास होतो. बल्बच्या दोन टोकांत तेवढाच फरक पडून त्याची तार किंचित तापते. असा सूक्ष्म रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम श्रेणीत सहज सुटतो. म्हणून इंजिन चालू ठेवून व हेडलाइट लावून, जोडणीच्या दोन्ही बाजूंतील व्होल्ट मोजावेत. बॅटरीच्या टोकांवर साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळणे अपेक्षित असते. काही वाहनांत ज्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, त्यावरच पाण्याचा पंपही चालतो. तेथे पट्टा तुटल्यास चार्जिंगच्या दिव्यापाठोपाठ इंजिन अतितप्त होते.

पद्धतीच्या मर्यादा :
संगणकनियंत्रित वाहनांत वरील चाचण्या उत्पादकाच्या परिपथ-आराखड्यानुसारच कराव्यात. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींत ओबीडी-टू ही स्वनिदान प्रणाली बंधनकारक झाली. तिच्याकडून मिळणारा दोषसंकेत परिपथाचा निर्देश करतो. कोणता भाग बदलावा, हा निर्णय मापनानंतरच घ्यावयाचा असतो. एअरबॅगच्या परिपथावर मल्टिमीटर लावू नये. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

निष्कर्ष :
बल्ब काढून टाकल्याने अथवा दोषसंकेत पुसल्याने दिवा विझतो, दोष कायम राहतो. दिव्याची सूचना खरी की खोटी, हे आधी ठरवावे; नंतर परिपथाचे भाग करून दोषाचे स्थान शोधावे आणि शेवटी सुटा भाग बदलावा. पदवी स्तरावर ओहमचा नियम शिकविताना गंजलेल्या जोडणीचे हे उदाहरण प्रयोगशाळेत बॅटरी, बल्ब व मल्टिमीटर यांच्या साहाय्याने सहज दाखविता येते. रस्त्यावरील सुरक्षिततेशी या नियमाचा किती निकटचा संबंध आहे, हे त्यातून विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.