न बोलणाऱ्या मुलाची दाढ

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदार वस्तीतील एका शाळेत मी चौथीचा वर्ग चालवीत असे. त्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची समज मंद गतीने चाले, वाचा जवळजवळ नव्हतीच. परंतु स्वभाव अत्यंत गरीब. एके दिवशी हा मुलगा एकाएकी बिथरला. शेजारच्या मुलाला त्याने चावा घेतला, पाटी भिरकावली आणि भिंतीशी जाऊन तो आपले डोके आपटू लागला. मी त्याला दटावून कोपऱ्यात उभे केले. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी गाल सुजलेला दिसला, तेव्हा कोठे त्याच्या आईने तोंड उघडवून पाहिले. खालची दाढ किडून तिच्या मुळाशी गळू झाले होते. तीन दिवस ते पोर वेदनेने तळमळत होते आणि मी त्याला शिस्त शिकवीत होतो.

मी वैद्य नव्हे. परंतु त्या दिवसापासून अशा मुलांच्या दातांविषयी जे जाणत्यांकडून समजून घेतले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहे. ज्या मुलाला ‘माझा दात दुखतो’ असे सांगता येत नाही, त्याचे दुखणे त्याच्या वागण्यातून बोलते. जेवण टाकणे, एकाच बाजूने चावणे, कान ओढणे, रात्री दचकून उठणे, स्वतःला मारून घेणे, ही त्याची भाषा होय. मूल अकारण हट्टी झालेसे वाटले, की रागे भरण्यापूर्वी दिवा घेऊन तोंडात पाहावे.

या मुलांचे दात जन्मतःच वाईट असतात, असा एक समज घरोघर आढळतो. तो बहुतांशी खरा नाही. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात व तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने दात झिजून कीड लागते. हे सर्वच मुलांत घडते. फरक पडतो तो पुढे. आपण जेवलो, की जीभ नकळत गालफडातील कण काढून घेते आणि लाळ तोंड धुऊन काढते. मेंदूच्या इजेमुळे ज्याचे स्नायू ताब्यात नाहीत, ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात, त्या मुलाची जीभ हे काम करू शकत नाही. मऊ भाताचा घास तासन् तास दातांशी चिकटून राहतो. स्वमग्न मुलाची अडचण निराळीच. ब्रशाचा स्पर्श त्याला काट्यासारखा बोचतो आणि पेस्टचा थंड झणझणीतपणा असह्य होतो. तेव्हा तो तोंड मिटून घेतो, त्याला आपण द्वाडपणा समजतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत दात उशिरा येतात, काही येतच नाहीत. कीड त्यांच्यात पुष्कळदा कमीच आढळते. मात्र हिरड्यांचा रोग लहान वयात जडतो आणि धडधाकट दिसणारे दात हलू लागतात.

औषधांचाही वाटा आहे. फेफऱ्यावर दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनने काही मुलांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. त्यातील धोका फार मोठा आहे. दात स्वच्छ राखले तर ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते. गोड पातळ औषध पाजल्यावर पाणी पाजावे, निदान ओल्या फडक्याने दात पुसावेत. आणि आपण मास्तर लोक व घरचे आजी-आजोबा! मुलाने अक्षर गिरवले की गोळी, रडे थांबवले की चॉकलेट. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, यावर कीड अधिक अवलंबून असते. चिंचवडच्या मोरयाचा मोदक जेवणाबरोबर खुशाल द्यावा. दर तासाची गोळी मात्र बंद करावी.

एक गोष्ट विशेष सांगावयाची. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. दात उपटताना तोंडातील जंतू रक्तात शिरतात. काही विशिष्ट हृदयदोषांत ते हृदयाच्या अस्तरावर बसून जिवावर बेततात. म्हणून अशा मुलाला आधी पेनिसिलीनच्या कुळातील औषध देतात. आमच्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. ज्या गावाने हे औषध देशाला दिले, तेथील पालकांनी तरी मुलाच्या हृदयाची कागदपत्रे दंतवैद्यापुढे ठेवण्यास विसरू नये.

आता घासण्याची रीत. आईने समोर उभे राहून जबडा धरू नये; मूल बिचकते. मागे बसून मुलाचे डोके आपल्या छातीशी किंवा मांडीवर टेकवावे, एका हाताने ओठ हलकेच बाजूस करावा व लहान, मऊ ब्रश फिरवावा. एका दमात सारे तोंड झाले नाही तरी चालेल. स्नानगृहातच घासले पाहिजे, असाही नियम नाही. तीन वर्षांखालील मुलास फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. ज्याच्या हाताची पकड कच्ची आहे, त्याच्या ब्रशाच्या दांडीवर सायकलच्या मुठीचे रबर चढवावे. मिश्री मात्र मुलाच्या तोंडाला कधीही लावू नये. तो तंबाखूच होय.

रात्रीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. येथेच आपल्या भागाची अडचण आडवी येते. चाकणपासून भोसरीपर्यंत निम्मी घरे पाळ्यांवर चालतात. बाप दुसऱ्या पाळीला आणि आई स्वयंपाकात. मूल तसेच झोपी जाते. यावर माझा साधा उपाय असा, की घासण्याची वेळ झोपेशी न बांधता रात्रीच्या जेवणाशी बांधावी आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये.

दंतवैद्याकडे पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हावी, दुखू लागल्यावर नव्हे. अमेरिकेतील ॲडलस्टन नामक दंतवैद्याने १९५९ साली एक पद्धत मांडली: आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे. स्वमग्न मुलासाठी तर पहिल्या खेपेस नुसते खुर्चीवर बसून परत यावे, दुसऱ्या खेपेस आरसा हाती घ्यावा. चित्रांच्या पट्टीवर हा क्रम घरीच दाखवला, तर भीती निम्मी होते. पिंपरीच्या संत तुकारामनगरात डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. तेथे बालदंतचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे. काही मुलांचे काम पूर्ण भूल देऊनच एका बैठकीत करावे लागते. त्यात आईबापांनी अपराध मानू नये. खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना तीतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही तीत समावेश आहे.

भेटीची वेळ सकाळची पहिली मागावी. तेव्हा मूल ताजे असते, दवाखान्यात गर्दी नसते, आणि तिसऱ्या पाळीवरून परतलेला बापही थोडा वेळ जागा राहून बरोबर येऊ शकतो.