माशाच्या हयातीचा दाखला

रात्री पावणेतीनच्या सुमारास मला हमखास जाग येते. साठी उलटलेल्या कुठल्याही पुरुषाला त्याचं कारण सांगावं लागू नये. गेल्या महिन्यात असाच उठून परतताना हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे सहज नजर गेली आणि छातीत धस्स झालं. आमचा फॉक्सफेस मासा दगडाला टेकून कलंडला होता. दिवसा हळदीसारखा पिवळाधमक दिसणारा. पण आता अंगभर मळकट तपकिरी डाग पडलेले, पर ताठ उभे आणि डोळे सताड उघडे. ‘गेला,’ मी मनाशी म्हटलं. सकाळी नात उठायच्या आत त्याला बाहेर काढावं, म्हणून दिवा लावला. जाळी सापडेना, तेव्हा बाही सरसावून हातच घातला.

ते प्रेत एकदम उसळलं. टाकीभर भडाभड पाणी, दगडावर आपटल्याचा आवाज आणि माझ्या बोटात विंचू डसावा तशी कळ. आरडाओरडा ऐकून मुलगा धावत आला. “बाबा, झोपला होता हो तो!”

फॉक्सफेसच्या परांच्या काट्यांत विष असतं. ते उतरवायचा पहिला उपाय म्हणजे सोसवेल तितक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवणं, आणि दम लागला किंवा अंगावर सूज आली तर मात्र तडक दवाखाना. हे सगळं ज्ञान मला पहाटे तीन वाजता, बादलीत हात घालून बसलेलो असताना मिळालं.

ही टाकी मुलाच्या हौसेची. खाऱ्या पाण्याची. आम्ही ठाण्यात राहतो, समुद्र काही लांब नाही. पण आपल्या किनाऱ्याचं गढूळ पाणी या नाजूक माशांना कसं चालणार? म्हणून पाकिटातलं मीठ गाळलेल्या पाण्यात मोजूनमापून विरघळवायचं. “आम्ही घरी समुद्र बनवतो,” असं नात शेजारीपाजारी सांगत असते.

माझी नोकरी बँकेतली. दर नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीचे दाखले घेण्यात माझी कित्येक वर्षं गेली. समोर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही जिवंत आहात याचा पुरावा द्या’ म्हणायचं, हा त्यातला गमतीचा भाग. एक वृद्ध गृहस्थ आजारपणामुळे नोव्हेंबरात येऊ शकले नाहीत, तर त्यांचं पेन्शन थांबलं. जानेवारीत काठी टेकत आले आणि म्हणाले, “साहेब, मी आहे अजून.” मला त्या दिवशी मान वर करवली नव्हती.

माशांच्या बाबतीत हा दाखला मिळवणं त्याहून अवघड. बहुतेक माशांना पापण्याच नाहीत, त्यामुळे डोळे मिटण्याचा प्रश्न येत नाही. मासा एका जागी स्थिर होतो, कलतो, रंग बदलतो, लगेच दचकत नाही. आपण ज्याला मरणाची किंवा आजाराची लक्षणं म्हणू, तीच त्याच्या झोपेची. फॉक्सफेसचे ते डाग म्हणजे त्याचे रात्रीचे कपडे. अंधारात, खडकांच्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसू नये म्हणून. फरक दाखवणारी खूण एकच, कल्ल्यांची मंद हालचाल. आणि ती पाहायला धीर लागतो.

तुम्ही म्हणाल, ही खरंच झोप कशावरून? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली झेब्राफिशच्या पिल्लांच्या मेंदूतली हालचाल पाहिली. हा मासा गोड्या पाण्यातला, मूळचा आपल्याच उपखंडातला. आपल्या गाढ झोपेशी आणि स्वप्नांच्या झोपेशी मिळत्याजुळत्या अशा दोन अवस्था त्यांना त्यात सापडल्या. स्वप्नात आपली बुबुळं फिरतात, तेवढी मात्र त्याची फिरत नाहीत.

समुद्रातल्या झोपेच्या तऱ्हा तर विचारू नका. ट्रिगरफिश कपारीत शिरतो आणि पाठीवरचा काटा उभारून आतून कडी लावावी तसा स्वतःला अडकवून घेतो. फाइलफिश प्रवाळाची नाहीतर शेवाळाची काडी तोंडात धरून झोपतो, वाहून जाऊ नये म्हणून. प्रवाळाच्या फांद्यांत झोपणारे चिमुकले डॅमसेलफिश रात्रभर पर हलवत राहतात, आणि त्यांच्या त्या हलण्याने प्रवाळाला प्राणवायू मिळतो, असं तांबड्या समुद्रातल्या अभ्यासावरून २००४ साली मांडलं गेलं. झोपेतसुद्धा घरभाडं चुकतं करणारा असा भाडेकरू मी तरी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडची क्लाउनफिशची जोडी खरं तर समुद्रफुलाच्या कुशीत झोपायची. ते आमच्या टाकीत नाही, म्हणून दोघं वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरपी होऊन लटकतात. पाहुण्यांना वाटतं, आजारी आहेत.

पण सगळ्यांत नवल पोपटमाशाचं. घरच्या टाकीत मावणारा हा प्राणी नव्हे. त्याच्या काही जाती रात्री अंगाभोवती पारदर्शक बुळबुळीत कोष तयार करतात आणि त्यात झोपतात. हा कोष शिकाऱ्यांना वास लागू नये म्हणून, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काही माशांना, जाग न येऊ देता, हळूच कोषाबाहेर ढकललं आणि रक्त पिणाऱ्या बारीक समुद्री किड्यांसोबत ठेवलं. उघड्यावरच्या माशांपैकी ९० टक्क्यांहून जास्त माशांवर किडे तुटून पडले. कोषातल्यांपैकी जेमतेम १० टक्क्यांवर. म्हणजे ती चक्क मच्छरदाणी निघाली! झोपलेल्या माशाला न उठवता सरकवणारे ते हात मला फार हेवा वाटावेत असे वाटतात. का, ते माझं बोट सांगेल.

खरं तर मला हे सगळं आधीच कळायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी एकदा पोळलो होतो.

आमची ही जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. रेवा पाच वर्षांची. ‘आजी झोपलीय,’ असं घरातल्यांनी तिला सांगितलं होतं. लहान मुलांना असंच सांगतात. मीही मान डोलावली होती. त्याच सुमारास मुलाने रास जातीचा एक पिवळा मासा आणला. टाकीत सोडल्यावर तासाभरात त्याने वाळूत सूर मारला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी निकाल देऊन टाकला : मेला. बुडीत कर्ज लिहून टाकायलासुद्धा बँकेत याहून जास्त कागद लागतात. रेवाने त्याचं चित्र काढून काचेवर चिकटवलं.

चौथ्या दिवशी सकाळी वाळू हलली आणि पिवळं तोंड बाहेर आलं. हे मासे वाळूतच झोपतात आणि नव्या जागी त्यांचं घड्याळ लागायला काही दिवस जातात, हे मागाहून कळलं. रेवा नाचत होती. “मेला नव्हता! झोपला होता!”

दुपारी वरणभात कालवता कालवता तिने विचारलं, “मग आजी कधी उठणार?”

मुलगा ताटात बघू लागला. सूनबाई उठून आत गेली. मीच म्हटलं, “आजी झोपलेली नाही बाळा. ती गेली. तिचा श्वास थांबला.”

“तू नीट पाहिलंस?”

“हो.”

“माशाच्या वेळेसारखं नाही ना?”

दवाखान्यात सतरा रात्री मी हिच्या पांघरुणाकडे बघत बसलो होतो. ते वर होतंय, खाली होतंय, एवढंच बघायचं काम. तिला म्हटलं, “नाही. मी पुष्कळ वेळ पाहिलं.” तिने मान हलवली आणि भात संपवला.

रेवा आता आठ वर्षांची आहे. बोटाचं प्रकरण झाल्यावर तिने माझी चांगलीच हजेरी घेतली आणि टॉर्चला लाल कागद गुंडाळून दिला; लाल उजेड बऱ्याच माशांना नीट दिसत नाही, त्यांची झोपमोड होत नाही. शनिवारी रात्री तिला जागायची परवानगी असते. आम्ही दोघं टाकीसमोर सतरंजी टाकून बसतो आणि ती फॉक्सफेसच्या कल्ल्यांची हालचाल कुजबुजत मोजते. मध्येच आकडा चुकतो. मग पुन्हा एकपासून.