रक्त थांबते कसे, आणि का थांबत नाही?

भाजी चिरताना विळी बोटाला लागते, चार थेंब रक्त गळते. आपण बोट दाबून धरतो आणि थोड्याच वेळात रक्त थांबते. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे कोणास नवल वाटत नाही. परंतु काही मुलांचे रक्त जन्मतःच लवकर थांबत नाही. त्याचे कारण समजण्यासाठी निरोगी शरीर रक्त कसे थांबविते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

जखम होताच दोन कामे सुरू होतात. पहिले बिंबाणूंचे. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये हे सूक्ष्म कण सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. फाटलेल्या रक्तवाहिनीच्या काठाला ते चिकटतात, एकमेकांना बिलगतात आणि भोक बुजवितात. पण हा बोळा कच्चा असतो. दुसरे काम रक्तद्रवातील प्रथिनांचे. त्यांना घटक म्हणतात. एक घटक दुसऱ्यास जागे करतो, दुसरा तिसऱ्यास. शेवटी रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू बनतात. बऱ्हाणपूरच्या मुलांना मागावरचे सूत नवे नाही. तसेच हे तंतू बोळ्याभोवती घट्ट जाळे विणतात, तेव्हा कोठे जखम पक्की बंद होते.

यांपैकी काय उणे आहे, यावर रोगाचे स्वरूप ठरते. बिंबाणू सदोष असल्यास नाका-हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उठतात. १९१८ साली स्विस वैद्य ग्लान्झमान यांनी वर्णिलेल्या रोगात बिंबाणूंची संख्या पुरेशी असते, पण ते परस्परांना धरीत नाहीत. १९२६ साली फिनलंडच्या फॉन विलेब्रांड यांनी आणखी एक रोग वर्णिला. त्यात बिंबाणूंना जखमेशी जोडणारे प्रथिनच कमी असते. हा रोग मुलींनाही होतो.

हीमोफिलियात मात्र बिंबाणू ठीक असतात. आठवा किंवा नववा घटक उणा असतो. त्यामुळे गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत रक्त साचते आणि सांधे कायमचे अधू होतात. १९४७ साली अर्जेंटिनाच्या डॉ. पाव्लोव्स्की यांना आढळले की, अशा दोन रुग्णांचे रक्त परीक्षानळीत मिसळले असता ते गोठले. एकाजवळ जे नव्हते, ते दुसऱ्याजवळ होते!

म्हणून केवळ बिंबाणू मोजून भागत नाही. घटकांचीही तपासणी हवी. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेत अशा रोगांचा अभ्यास व निदान होते. उणा घटक आता टोचून देता येतो; आठव्या घटकाचे काम करणारे, त्वचेखाली टोचावयाचे औषधही निघाले आहे. २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यात हीमोफिलियाचा समावेश आहे.

पालकांनी एवढे ध्यानी ठेवावे : मुलाचा गुडघा वरचेवर सुजत असेल तर तो चोळू नये, ॲस्पिरिन देऊ नये आणि दात काढण्यापूर्वी डॉक्टरांस सर्व हकिकत सांगावी. हीमोफिलियाचा दोष बहुधा मातेकडून पुत्राकडे येतो. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी कोणासही नसतो. तेव्हा आईला बोल लावणे हे निव्वळ अज्ञान होय. आणि विद्यार्थिमित्रांनो, खेळताना मागे राहणाऱ्या सोबत्याला भित्रा म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा.